उखर्डूनानाचे पाहुणे

एरंडोलच्या मोटार-स्टँडवर उतरणाऱ्या माणसाची पिशवी जमिनीला टेकायच्या आत उखर्डूनानाच्या हातात गेलेली असे. पिशवी गेली की तिच्यामागे माणूस जातोच. माझी वळकटी त्याने अशीच पळवली. धुळ्याहून शाळामास्तर म्हणून बदली होऊन, कपाळाला आठ्या घालूनच मी त्या गावात उतरलो. हेडमास्तरांचं घर कुठे, असं विचारणार तेवढ्यात पागोटं, बंडी आणि अनवाणी पाय एवढाच ऐवज असलेला एक म्हातारा माझी वळकटी खांद्यावर टाकून चालायलाच लागला. मला वाटलं, हमाल असेल. मी घराचं विचारलं, तर मागे वळूनसुद्धा न पाहता म्हणाला, "घर काय पळी जास का? ते तठेच शे. आधी गाव देखा."

त्या दिवशी सकाळी नऊपासून मी उपाशीपोटी गाव पाहत होतो. अंजनी नदीचा घाट पाहिला, जुनी वेस पाहिली, वेशीतले खिळे पाहिले, आणि त्यातला कुठला खिळा पडला आहे तेही पाहिलं. दिवेलागणीला हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी माझी चौकशीसुद्धा केली नाही. "नाना भेटला वाटतं," एवढंच म्हणाले आणि पाणी आणायला सांगितलं.

खरं सांगायचं तर त्या गावात पाहण्यासारखं होतं काय? मी धुळ्याच्या देवपुरात वाढलेला माणूस. पांझरेला पूर आला तर ती आम्हाला दिसते तरी. यांची अंजनी आठ महिने कुठे असते ते गावालाच ठाऊक नाही. बाकी सगळा भीमाचा कारभार. पांडव अज्ञातवासात इथे राहिले, भीमाने बकासुर इथल्याच रानात मारला, आणि मारताना जिथे जिथे त्याचा गुडघा टेकला तिथे तिथे खड्डा पडला. आपल्याकडे रस्ते दुरुस्त का होत नाहीत ते मला एरंडोलात कळलं. प्रत्येक खड्ड्याला पौराणिक आधार आहे.

उखर्डू हे नाव आईबापांनी मुद्दाम ठेवलेलं. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून हा जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणला, म्हणजे यमाला वाटावं, हा टाकाऊ माल आहे. यम फसला. गाव मात्र सापडलं. नाना साठीच्या पुढे गेला तरी खणखणीत होता. घरी एकटाच, बायको पटकीच्या साथीत गेलेली. शेत वाट्याने दिलेलं. त्यामुळे दिवसाच्या तिन्ही मोटारींना हजर राहायला तो मोकळा होता. मोटार पारोळ्याकडून येवो की जळगावकडून, टपावरचं सामान उतरायच्या आत याचं सुरू: "चाला, बठ्ठं दखाडस तुम्हले!"

बठ्ठं म्हणजे सगळं. आणि नानाचं सगळं कधीच संपत नसे. गाव पाहून झालं की तीन कोसांवरचं पद्मालय, पद्मालय झालं की फरकांड्याचे मनोरे. पाहुणा हात जोडून "आता पुरे" म्हणाला की नाना भुवया वर चढवून, कीव केल्यासारखं म्हणे, "आजून देखंच काय तुम्ही?"

कोण कशासाठी आला आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. एकदा नशिराबादचा एक गृहस्थ मेव्हण्याच्या दहाव्याला आला. त्याने रडवेल्या आवाजात सांगितलं, "अहो, मेव्हणा गेला." नाना म्हणाला, "गया तो गया. तुम्ही शेतस ना आजून? मंग देखी ल्या." पिंडाला कावळा शिवून, आंघोळी आटोपून लोक घरी परतले, तेव्हा हा गृहस्थ हातात कमळ घेऊन पद्मालयाहून येत होता. बहिणीने त्याच्याशी पुढे दोन वर्षं अबोला धरला.

पद्मालयाला तळं आहे, तळ्यात कमळं आहेत, आणि देवळात एकाला दोन गणपती आहेत. एकाची सोंड उजवी, दुसऱ्याची डावी. भाविक माणूस नमस्कार करतो, घंटा वाजवतो, निघतो. नानाकडे तसं नव्हतं. बाहेर आल्यावर तो परीक्षा घेई: उजव्या सोंडेचा कुठल्या बाजूला? चुकला त्याला परत आत. कचेरीतल्या एका कारकुनाला त्याने तीनदा आत पाठवलं. शेवटी तो तिरीमिरीने म्हणाला की मी देव मानत नाही. "मंग तर तुम्हले नीट देखनं पडी," असं म्हणून नानाने त्याला चौथ्यांदा आत ढकललं.

वाटेत नानाचं शेत लागे. थंडीच्या दिवसांत तिथे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यांच्यावर तो वांगी भाजायचा. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून भरीत कुटायचा आणि पाहुण्याला बळेच बसवायचा. मी या माणसाविषयी एकही बरा शब्द काढायचा नाही असं ठरवलेलं होतं, पण भरीत झकास करायचा. मी चार वेळा गेलो, ते भरतासाठी.

नानाला एक मुलगी आहे हे मला माझ्या घरमालकीणबाईंकडून, अक्कांकडून कळलं. वच्छी तिचं नाव. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं, तिकडे एदलाबादच्या पलीकडे. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीवर तूप वाढणारा वरबापाला सोडून आधी त्याच्या चुलतभावाकडे वळला. एवढंच घडलं. वरबाप दौलत पाटील पानावरून उठला आणि म्हणाला, "ज्या गावात माणूस ओळखत नाहीत त्या गावात माझी सून पुन्हा पाय ठेवणार नाही." पोर बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी गाडी धाडून तिला नेली. तेव्हा मोटार नव्हती. त्या दिवसापासून ती आलेली नाही.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात काय असते हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. वैशाखाचं ऊन मी म्हणत असतं आणि सासुरवाशिणी माहेरी येतात. झाडाझाडाला झोके बांधतात, आणि वर्षभर तोंड मिटून बसलेल्या बायका झोक्यावर बसून सासरच्यांची उणीदुणी गातात. ज्याची लेक आखाजीला आली नाही त्याच्या दाराकडे लोक पाहत नाहीत, मान वळवून जातात. नानाच्या दारासमोरून गाव दहा वर्षं मान वळवून जात होतं. पहिल्या बाळंतपणालाही तिला धाडलं नाही. नाना दोनदा तिकडे जाऊन आला. दोन्ही वेळा दौलत पाटलाने त्याला ओट्यावरूनच परतवून लावला. मुलगी दिसलीसुद्धा नाही.

"इतकी वर्षं?" मी अक्कांना विचारलं. "एका तुपासाठी?"

"तूप नाही मास्तर, मान," अक्का म्हणाल्या. मला दोन्हींतला फरक अजून कळलेला नाही.

एका माघात नाना माझ्या घरी आला. पहिल्यांदाच तो कोणाची पिशवी न घेता आला होता. "मास्तर, व्याही येतस," म्हणाला. दौलत पाटील पारोळ्याला बैल पाहायला निघाला होता, आणि वाटेत एरंडोलला मोटार बदलायला उतरणार होता. "तुम्ही शिकेल मानूस शेतस. बरोबर चाला. तेस्नं मन वळनं, तर वच्छी आखाजीले ई."

मी गेलो. कारण नानाला नाही म्हणता येत नसे, आणि थंडी होती.

दौलत पाटील म्हणजे भरदार मिशा आणि त्याहून भरदार फुरंगटणं. नानाने पिशवी घेतली तेव्हा त्याने ती परत ओढली. पण या कलेत नानाचा हात कोण धरणार? पद्मालयाला पाटील म्हणाला, "आमच्याकडे मुक्ताबाई आहे. तुमचे दोन गणपती काय कौतुकाचे?" बकासुराला मारलं त्या भीमाच्या कुंडाकडे पाहून म्हणाला, "आमच्या म्हशी याहून मोठ्या डबक्यात बसतात." इतक्या वर्षांत मला त्या गावात पहिल्यांदा समविचारी माणूस भेटला. भरीत मात्र त्याने मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बैलांच्या दमणीतून फरकांड्याला गेलो.

तिथे दोन जुने मनोरे आहेत. एकात चढून जोर लावला की तो झुलतो, आणि त्याच्याबरोबर दुसराही झुलतो. कसा, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पण जोर लावायची खुबी आहे. दांडगाई केली तर तो ढिम्म हलत नाही. पाळणा हलवतात तसं एकदा रेटायचं, तो परत येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा रेटायचं. नानाचे गुडघे जिना चढेनात म्हणून ही विद्या त्याने मला शिकवली होती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेला माणूस मी, आणि त्या तालुक्यात माझा खरा उपयोग मनोरा हलवण्यासाठी होत असे.

पाटलाला एका मनोऱ्यात चढवला. दुसऱ्यात मी. मी रेटलं, थांबलो, रेटलं. पलीकडचा मनोरा झुलला. पाटलाने "मेलो रे!" अशी आरोळी ठोकली, त्याचं पागोटं खाली पडलं, आणि मग पाहतो तो काय, तो गडगडाटी हसत होता. "अजून एकदा, मास्तर!" मी अजून एकदा हलवला. नंतर अजून एकदा. माझे दंड भरून आले तेव्हा कुठे तो उतरला, आणि उतरल्या उतरल्या त्याने नानाला मिठी मारली. दहा वर्षांचं तूप तिथे विरघळलं.

परत येताना नानाने हात जोडून विषय काढला. "मंग व्याही, आखाजीले..."

"बरी आठवण केलीत!" पाटील म्हणाला. "आखाजीला मीच येतो. भाऊबंदांना घेऊन येतो. त्यांना दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"आनि वच्छी?"

"तिला कसं आणता येईल? आम्ही सगळे इकडे आलो तर तिकडे गुरंढोरं कोण पाहील? ती आहे म्हणून तर आम्हाला निघता येतं."

नाना बैल हाकत राहिला.

तर असं हे यश. आखाजीला दौलत पाटील आला, आणि त्याच्याबरोबर मोटारभर भाऊबंद आले. गावातल्या लेकी झोक्यावर गात होत्या आणि नाना व्याह्याच्या चुलतभावांना उजवी सोंड दाखवत होता. पुढच्या वर्षी तेच. एरवीसुद्धा मोटारीवरचा त्याचा नेम चुकला नाही. मला त्या माणसाचा असा संताप यायचा! जगात मूर्ख पुष्कळ आहेत, पण स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना तो धोंडा भीमाचा आहे असं सांगणारा हा एकच. शेवटी एक दिवस मी त्याला सुनावलं.

"नाना, तुम्ही गाव चांगलं दाखवता तोवर पाटील दरसाल येणार, आणि पाटील येतो तोवर पोर येणार नाही. गाव वाईट दाखवा. कंटाळा आणा त्याला. मनोरा मी हलवत नाही. तुम्ही फक्त म्हणा, इथे काही नाही."

नाना माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याला देवळातलं काही चोरायला सांगितलं असावं. "मी? मी म्हनू, आठे काही नही?"

"तुम्हीच म्हणायला हवं."

तीन दिवस तो मला दिसला नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाला, "बरं."

त्या वर्षीच्या आखाजीला पाटील नवे चार जण घेऊन उतरला. नाना स्टँडवर होता, पण त्याने पिशवीला हात लावला नाही. पाहुणे आपापल्या पिशव्या घेऊन, उन्हात, नानाच्या मागून चालत राहिले. वेशीपाशी नाना थांबला नाही. पाटलानेच उत्साहाने खिळ्यांचं सुरू केलं. नाना म्हणाला, "जुना लोखंड शे." पद्मालयाला त्याने कोणाला काही विचारलं नाही. भीमाच्या कुंडापाशी एका पाहुण्याने भक्तिभावाने विचारलं, "नाना, बकासुराला इथेच मारलं ना हो?"

मी नानाकडे पाहिलं. त्या कुंडाविषयी शंका काढली म्हणून एका तलाठ्याशी त्याने वर्षभर भांडण घातलेलं मी पाहिलं होतं.

"लोकं म्हनतस," नाना म्हणाला, आणि लांब जाऊन एका झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

फरकांड्याला मी मनोऱ्यात चढून नुसता उभा राहिलो. पलीकडून ओरडाआरडा सुरू झाला, "मास्तर, लावा जोर!" मी कुंथण्याचा आवाज काढला. मनोरा कसला हलतोय! खाली आल्यावर पाटील हिरमुसून म्हणाला, "काय झालं हो याला?" तेव्हा नानाने वर पाहिलं नाही. पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "व्याही, खरं सांगू का? या गावमा देखासारखं काहीच नही. मी आपला सांगत ऱ्हास."

मी पुष्कळ लोकांना त्या गावाची टवाळी करताना ऐकलं आहे. सर्वांत जास्त मीच केलेली आहे. पण नानाच्या तोंडून ते ऐकवलं नाही. मला भलतंच वाईट वाटलं, आणि हे करायला मीच त्याला लावलं होतं.

पाटील जाताना म्हणाला, "नाना, तुमचं वय झालं आता. पुढच्या आखाजीला आम्ही काही येत नाही. आम्ही घरीच असणार. तुमची पोर हवी तर धाडून देतो आठ दिवस."

त्या पुढच्या आखाजीला मी स्टँडवर गेलो होतो. माझं पार्सल यायचं आहे, असं मी अक्कांना सांगितलं होतं. नाना सकाळच्या पहिल्या मोटारीपासून उभा. धुतलेली बंडी, नवं पागोटं. दोन मोटारी रिकाम्याच गेल्या. म्हणजे माणसं उतरली, पण नानाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुपारची जळगावची मोटार आली तेव्हा तो पुढे सरसावला. आधी दोन व्यापारी उतरले. मग डोक्यावरून पदर घेतलेली, अंगाने थोराड अशी एक बाई उतरली. एका हाताशी चारेक वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात पिशवी. ती नानाच्या समोर येऊन उभी राहिली.

नानाने सवयीने तिची पिशवी घेतली. पण त्याची नजर तिच्यावर नव्हती. तिच्या खांद्यावरून तो मोटारीत पाहत होता, बाकांच्या खाली, मागच्या कोपऱ्यात. "कोन गावन्या बाई तुम्ही?" तो म्हणाला. "जराशी थांबा. माले एक पोर उतारनी शे."

"आबा," ती बाई म्हणाली.

गावात त्याला सगळे नाना म्हणत. आबा म्हणणारं कोणी नव्हतं.

"आबा, मी वच्छी. ओयखनं नही का माले?"

तो बारा वर्षांच्या पोरीला शोधत होता. बैलगाडीतून गेली तेवढीच. मोटार सुरू झाली त्या दिवसापासून, दिवसातून तीनदा, तो तेवढ्या उंचीवर नजर लावून उभा असायचा; आणि नुसतं उभं राहिलं तर लोक हसतील म्हणून कोणाची तरी पिशवी घ्यायचा. हे मला त्या क्षणी कळलं. मी त्या माणसावर इतकी वर्षं हसत आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली, आणि डोळ्यांत धूळ गेली असं दाखवायलाही वेळ मिळाला नाही.

हजारदा म्हटलेलं "चाला, दखाडस" या वेळी नाना म्हणाला नाही. तो पिशवी छातीशी धरून उभाच राहिला. शेवटी वच्छीनेच डोळे पुसले, पोरीला कडेवर घेतलं आणि चालायला लागली. रस्ता तिला सांगावा लागला नाही. पुढे ती, मागे नाना, त्याच्या मागे मी.

चालता चालता ती पोरीला दाखवत होती. "हाई देख, हाई तेलीनं घर. आठे मी पडेल व्हती, हाऊ गुडघा फुटना व्हता. हाई चिंच. हिन्या चिंचा आमू चोरूत." यातलं एकही ठिकाण नानाने कधी कोणाला दाखवलेलं नव्हतं. ती बोट करी तिकडे पोर पाही, आणि मागून नानाही थांबून पाही. गल्लीच्या तोंडाशी तिने पोरीला एक पडकी भिंत दाखवली, आणि पुढे निघाली. नाना तिथेच उभा राहिला. त्या भिंतीकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, "मास्तर, आठे काय व्हतं हो? माले आठवत नही."

मी म्हणालो, "चला, तिलाच विचारू."